गणित, विज्ञान आणि दोन शून्यं

"ज्याला गणित जमतं त्याला विज्ञान जमतंच," हे आमच्या मुख्याध्यापकांचं ठरलेलं वाक्य. मी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या शाळेवर आठवीला दोन्ही विषय शिकवतो. पट दहाचा. दुसऱ्या घटक चाचणीचे वीसपैकी मार्क हाताशी होते, म्हटलं एकदा तपासूनच बघू.

एक्सेलमध्ये एका ओळीत एकच पोरगं: हजेरी क्रमांक, गणित, विज्ञान. ही जोडी फुटू द्यायची नाही. मी आधी नुसता गणिताचा रकाना चढत्या क्रमानं लावला. विज्ञान जागचं हललं नाही, नि कुणाचे मार्क कुणाच्या नावावर गेले. सगळं परत भरत बसलो.

मग कोरेल नावाच्या फंक्शनला दोन्ही रकाने द्यायचे. उणे एक ते अधिक एक यांच्यामधला आकडा येतो, तो सहसंबंध गुणांक. अधिक एकाच्या जवळ म्हणजे दोन्ही मार्क बरोबरीनं वर-खाली जातात, शून्याच्या जवळ म्हणजे तसा सरळ मेळ नाही. माझा आला ०.८५. साहेब खूश.

मला मात्र पचेना. आलेखाच्या कागदावर आडवं गणित, उभं विज्ञान घेऊन ठिपके काढले. आठ ठिपके पाखरं उडाल्यागत विखुरलेले, आणि दोन खाली कोपऱ्यात, शून्यावर शून्य. ती दोन पोरं दिवाळीनंतर आईबापासंगं ऊसतोडीला गेलेली. मार्कलिस्टमध्ये 'गैरहजर' लिहायच्या जागी मीच शून्य टाकलं होतं. कोरेलला ते खरे मार्कच वाटणार. रिकामा रकाना ते सोडून देतं, शून्य सोडत नाही.

ती दोन शून्यं पुसली. उरलेल्या आठांचे मार्क असे, आधी गणित, मग विज्ञान: ६-१०, ८-७, ९-१३, ११-९, १२-१४, १४-८, १५-१२, १७-१५. गुणांक ०.४६ वर आला.

आता हा ०.४६ खरा की योगायोगाचा? मुलांच्या संख्येतून दोन वजा करा, त्याला 'एक वजा गुणांकाचा वर्ग' यानं भागा, वर्गमूळ काढा, गुणांकानं गुणा. माझं उत्तर १.२६. संख्याशास्त्राच्या पुस्तकात टी-तक्ता असतो, नुसत्या योगायोगानं केवढं उत्तर येऊ शकतं ते सांगणारा. आठ मुलांसाठी, पाच टक्के पातळीला (संबंध नसताना शंभरात पाचदाच एवढं येईल अशी), त्यात २.४५ लागतात. म्हणजे संबंध सिद्ध होत नाही. संबंध नाहीच, असं मात्र यावरून म्हणता येत नाही. आठ पोरांत तेवढा दम नसतो. आठ मुलं असतील तर निदान ०.७१ गुणांक लागतो, तीस असतील तर ०.३६ सुद्धा पुरतो.

एखादाच मार्क फार वर-खाली असेल तर मार्कांऐवजी वर्गातला पहिला, दुसरा असे नंबर लावून बघा. चार्ल्स स्पिअरमननं १९०४ साली ही रीत मांडली, तोही शाळकरी मुलांच्याच नंबरांशी खेळत होता. प्रत्येकाच्या दोन नंबरांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या, माझी ४४. तिची सहापट २६४, भागिले आठ गुणिले त्रेसष्ट (आठाचा वर्ग वजा एक) म्हणजे ५०४, आणि हे एकातून वजा. ०.४८. फारसा फरक नाही.

अजून एक मेख आहे. दोन्ही पेपर मीच तपासतो. माझा हात सैल सुटला तर दोन्हीकडं सुटतो, म्हणून मोठा गुणांक आला तरी त्यात थोडा मीही असणार.

तोडीची पोरं उन्हाळ्याच्या तोंडाला परततील. तेव्हा त्यांची चाचणी घेईन. तोवर त्यांचे रकाने रिकामे.