ट्रॉफी पाडताय? मग या चुका टाळा

"दादा, चाळीस वेळा सरेंडर केलं, तरी ट्रॉफी हलत नाहीयेत."

क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममधल्या आमच्या क्लॅनच्या (गटाच्या) एका पोराचा रात्री दीड वाजता आलेला मेसेज. ट्रॉफी पाडायच्या म्हणजे मुद्दाम हरून आपला आकडा खाली आणायचा, की समोर सोपे, पैसेवाले प्रतिस्पर्धी येतात. जुना कुठलातरी व्हिडिओ पाहून तो बार्बेरियन किंग या हिरोला नकाशाच्या कोपऱ्यात उतरवत होता आणि लगेच लढाई संपवत होता. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये ऑक्टोबर 2025 च्या अपडेटला रँक्ड, म्हणजे ट्रॉफी आणि श्रेणी (लीग) ठरवणाऱ्या, लढाया वेगळ्या झाल्या. तेव्हापासून साध्या लढाईत फक्त लूट मिळते. ट्रॉफी वाढत नाहीत आणि घटतही नाहीत. म्हणजे त्याच्याकडे पाडायला काही उरलंच नव्हतं. खुशाल साधे अटॅक केले असते तर तेवढ्या वेळात दोन स्टोरेज (लुटीची कोठारं) भरून झाले असते.

तेव्हा पहिली चूक हीच: आपला खेळ आज कोणत्या नियमाने चालतो हे न बघता जुन्या युक्त्या वापरणं. एक लढाई मुद्दाम हरा आणि आधीचा व नंतरचा आकडा बघा. दोन मिनिटं लागतात. क्लॅश रोयालमध्ये तर गेट (ट्रॉफींचा ठराविक टप्पा) ओलांडलं की त्याच्या खाली पडताच येत नाही, तरी तिथेही लोक मान खाली घालून हरत बसतात.

पण ट्रॉफी बघून जोडी लावणारे खेळ अजून आहेत, आणि त्यात चुका त्याच होतात. उदाहरणं मी क्लॅशच्या जुन्या पद्धतीतलीच देणार, कारण माझी बोटं त्यातच झिजली आहेत.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणजे गरजेपेक्षा खाली जाणं. ती मी स्वतः साग्रसंगीत केलेली आहे.

टाऊन हॉल, म्हणजे गावातली मुख्य इमारत, नुकताच लेव्हल 9 झाला होता. ट्रॉफी 1800 च्या आसपास. भिंती सगळ्या जुन्या, तिन्ही बिल्डर रिकामे, आणि समोर येणारे बेस (दुसऱ्यांची गावं) माझ्यापेक्षा तगडे. कुणीतरी म्हणालं, खाली जा, खाली पैसाच पैसा आहे. गेलो. दोन संध्याकाळी नुसता किंग उतरव, सरेंडर, पुन्हा शोध, पुन्हा किंग. साठेक वेळा हरून 600 च्या घरात पोचलो. अंगठा दुखायला लागला होता, पण छाती फुगलेली होती.

पहिला बेस आला टाऊन हॉल 6. स्टोरेज भरलेले दिसत होते, पण स्क्रीनवर लुटीचा आकडा एवढासा. नेक्स्ट केलं, म्हणजे दुसरा बेस मागितला, तर टाऊन हॉल 5. पुन्हा नेक्स्ट, पुन्हा 6. मला वाटलं नशीब फुटकं. नशिबाचा काही संबंध नव्हता. आपल्यापेक्षा लहान टाऊन हॉलवर गेलं की लुटीला कात्री लागते: दोन पायऱ्या खाली असेल तर निम्मी, तीन पायऱ्या खाली तर 25 टक्के, चार किंवा त्याहून जास्त असेल तर 5 टक्के. एका पायरीच्या फरकालाही थोडी कापली जातेच. ज्या बेसमधून बरोबरीच्या माणसाला दोन लाख मिळाले असते, तिथे मला पन्नास हजार दिसत होते. वर प्रत्येक नेक्स्टला गोल्ड जात होतं ते वेगळंच.

म्हणजे खाली पैसा होता, पण तो माझ्यासाठी नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. किंगच्या पुढच्या लेव्हलसाठी मी डार्क एलिक्सर साठवलं होतं, आणि ते तसंच ठेवून खाली उतरलो होतो. सकाळी उठून बघतो तर एका टाऊन हॉल 11 वाल्याने बेस धुऊन नेलेला. खाली येणारे आपण एकटेच थोडे असतो! वरचे खेळाडूही लुटीसाठीच उतरलेले असतात, आणि त्या गल्लीत सगळ्यात श्रीमंत घर माझंच होतं. पुन्हा वर चढायला आठवडा गेला. किंगची लेव्हल त्यानंतर कधीतरी झाली.

तेव्हापासून मी कधी एकदम पाडलं नाही. शंभरेक ट्रॉफी पाडायचो आणि थांबायचो. मग दहा बेस नुसते बघायचो, अटॅक करायचो नाही. दहातले किती माझ्याच टाऊन हॉलचे आहेत आणि त्यातल्या किती जणांचे कलेक्टर (माल तयार करून साठवणाऱ्या इमारती) तुडुंब आहेत, एवढंच मोजायचो. तीन सापडले की मुक्काम तिथेच. नाही सापडले तर आणखी शंभर. नवीन पोरांना हे सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे नेमक्या किती ट्रॉफीवर थांबू?" अरे, तो आकडा माझ्याकडे असता तर मोजत कशाला बसलो असतो? दर सीझनला माणसं वरखाली होतात, त्यांच्याबरोबर चांगली जागाही सरकते. तयार आकडा विचारणाऱ्याला मी हल्ली उत्तरच देत नाही.

आणि उतरण्याआधी स्टोरेज रिकामे करा. बिल्डरला काहीतरी लावा, काहीच नसेल तर भिंतींत घाला. भरल्या खिशाने खाली जायचं नाही.

तिसरी चूक लहान वाटते, पण रोज दिसते. लुटीचा आकडा बघायचा आणि तो पैसा कुठे आहे ते बघायचं नाही. तीन लाख दिसले की सैन्य ओतलं. ते तीन लाख मधोमध, भिंतींच्या तीन रांगांमागच्या स्टोरेजमध्ये असतील तर हाती येणार काय? आपल्याला हवा डेड बेस, म्हणजे ज्याचा मालक बरेच दिवस फिरकलेला नाही. कलेक्टरमधला निम्मा माल नेता येतो, आणि कलेक्टर बहुतेक वेळा भिंतींच्या बाहेर उघडेच पडलेले असतात.

असा बेस आकड्यावरून नाही, नजरेने ओळखायचा. एलिक्सर कलेक्टरची काच बघा: गुलाबी रंग वरपर्यंत चढलेला असेल तर तो बरेच दिवस उपसलेला नाही. खाणीजवळ सोन्याचा ढीग दिसतो. कडेने झुडपं माजलेली, मधेमधे मेलेल्या सैनिकांची न काढलेली थडगी, नावाशेजारी लीगचा बिल्ला नाही. यातल्या तीन खुणा जुळल्या की मी दुसरा विचार करत नाही. सैनिक म्हणून गॉब्लिन आणि थोडे आर्चर, कडेकडेने. टाऊन हॉल पडला की नाही याकडे बघतही नाही. शंभर टक्क्यांचा हव्यास धरून मधे घुसणारे असतात, त्यांनी फार्मिंग (लूट जमवणं) करूच नये, क्लॅनचं वॉर खेळावं.

उलट, काचेत रंग तळाशी आणि तरी आकडा मोठा असेल तर माल स्टोरेजमध्ये आहे आणि मालक जागा आहे. नेक्स्ट.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

पाडण्यासाठी पूर्ण सैन्य खर्च करू नका. एक सैनिक पुरतो. हिरो उतरवून त्याला खरचटायच्या आत लढाई संपवली तर तोही पुढच्या शोधाला तयार असायचा. काहीच न उतरवता बाहेर पडलात तर मात्र ट्रॉफी जायच्या नाहीत. यावरही मला मेसेज आलेले आहेत.

शिल्ड (आपल्या बेसवर हल्ला होऊ न देणारं संरक्षण) असताना अटॅक करत सुटू नका. पहिल्या अटॅकला 3 तास, पुढच्याला 4, मग 5 असं शिल्ड कापलं जायचं. फार्मिंगला बसायचं ते शिल्ड संपत आल्यावर, आणि जे मिळालं ते खर्चूनच उठायचं.

लीग बोनस विसरू नका. जिंकलेल्या अटॅकवर मिळणारा बोनस वरच्या लीगमध्ये मोठा असायचा. खाली गेल्यावर लूट वाढते का, हे बोनस वजा करून बघा. माझ्या हिशेबात कित्येकदा फरक शून्यावर आला आहे.

क्लॅनला न सांगता पाडू नका. बऱ्याच क्लॅनना ठराविक ट्रॉफी लागतात. लीडरला वाटतं हा खेळ सोडून गेला, आणि सकाळी तुम्ही बाहेर.

बॉट लावू नका. खातं बॅन झालं की रडत येऊ नका.

जोडीने खेळायच्या खेळात मुद्दाम हरू नका. तिथे तुमच्याबरोबर एक अनोळखी माणूसही हरतो, आणि त्याला लूट नको असते.

राहिला तो दीड वाजताचा पोरगा. त्याला अपडेटचं सांगितलं तर म्हणतो, "मग रँक्डमध्ये हरू का?" तिथे मुळात अटॅक मोजके, ते वाया घालवून वर लीगही खालची मिळणार, आणि स्टार बोनस (स्टारवर मिळणारी जादा लूट) लीगवरच ठरतो. "आधी झोप," म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याने त्याच्या बेसचा स्क्रीनशॉट पाठवला. पाचही बिल्डर रिकामे, स्टोरेज काठोकाठ भरलेले.