पाण्याकाठचे पिकनिक टेबल: सगळा जीव पायांच्या पसाऱ्यात

बाकांसकट जोडलेले टेबल कलंडते, ते लाकूड हलके म्हणून नव्हे, तर पाय पुरेसे फाकलेले नसतात म्हणून. समोरचे दोघे उठले आणि अलीकडचे दोघे बसूनच राहिले, की टेबल त्यांच्या अंगावर येते. काठाच्या उतारावर, मऊ मातीत तर लवकरच.

लाकूड सागाचा गाभा किंवा ऐनाच्या झाडाचे. कडेचा पांढरट भाग काढून टाका. आंब्याची फळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, ती पावसात कुजते आणि कीड धरते. सगळ्या फळ्या ५ इंच रुंद, दीड इंच जाड: ६ फुटी नऊ (वर पाच, बाकांना चार), पायांना सव्वातीन फुटी चार, २६ इंची पट्ट्या तीन, ५८ इंची दोन, तिरक्या टेकूंना ३ फुटी दोन. १० मिमी जाडीचे, ९० मिमी लांबीचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट १६, वायसरसह.

आता पाय. ‘पाय अमुक अंशात कापा’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नका. अंश मोजून कापले की चारही पाय थोडेथोडे वेगळे येतात आणि मग एकेक पाय घासत टेबल बुटके होत जाते. सपाट फरशीवर खडूने पूर्ण मापाचे चित्र काढा. जमिनीची रेघ, तिला समांतर साडेसोळा इंचांवर बाकाची रेघ, साडेअठ्ठावीसवर टेबलाची. मधोमध गुण्याने (काटकोन्याने) उभी रेघ. तिच्यापासून दोन्ही बाजूंना जमिनीवर २६ इंच आणि सर्वांत वर ९ इंच मोजून खुणा करा. एकेका बाजूच्या या दोन खुणा जोडणारी तिरकी रेघ म्हणजे पायाची बाहेरची कड.

खालचे २६ इंच कमी करू नका. ‘पाय अडखळतात, थोडे आत घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तोच घातक आहे. या मापात बाकाचा मध्य उभ्या रेघेपासून सुमारे २४ इंचांवर येतो. जमिनीवर पायाची बाहेरची कड त्याच्या पुढे हवी, तरच बसणाऱ्याचे वजन पायांच्या आत पडते.

फळी रेघेवर ठेवा, वरची आणि खालची रेघ तिच्यावर उतरवा आणि तशीच कापा. पहिला पाय साचा म्हणून वापरून उरलेले तीन आखा. मग आडव्या पट्ट्या चित्रावर बसवा: २६ इंची वरच्या टोकाशी, ५८ इंची बाकाच्या रेघेखाली. शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) घट्ट धरून एकदमच भोके पाडा. दर सांध्याला दोन बोल्ट, तेही तिरक्या मांडणीत. लाकडाच्या तंतूंच्या एकाच रेषेत आले तर ते तिथेच चिरते.

दोन पाय आणि दोन पट्ट्या मिळून एक, अशा दोन्ही चौकटी ४ फूट अंतरावर उभ्या करा. फळ्या मारताना दोन फळ्यांत २ सूत (पाव इंच) फट सोडा. स्क्रूला आधी भोक पाडा. तिसरी पट्टी टेबलाखाली मधोमध. तिच्यापासून दोन्ही बाकपट्ट्यांपर्यंत तिरके टेकू. टेकू नसतील तर टेबल लांबीच्या दिशेने डुलते.

व्हार्निश नको, उन्हात पोपडे निघतात. दर वर्षी पावसाळा संपून लाकूड वाळले, की तेलाचा हात द्या. पायांची तळाची कापलेली तोंडे मात्र तेल पिईनाशी होईपर्यंत भिजवा, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी तिथूनच ओढते. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा पाणसळ लावून बसवा. पाय काँक्रीटमध्ये गाडू नका. आत पाणी साचून ते जमिनीलगतच कुजतात.

पवना, मुळशी, भंडारदरा अशा जलाशयांच्या काठी जागा मे महिन्यातले पाणी पाहून ठरवू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणफुगवटा बराच वर चढतो आणि लाकडी टेबल चक्क तरंगत जाते. काटक्या-कचरा जिथे अडकलेला दिसतो, त्या खुणेच्या वरच टेबल ठेवा.