विहिरीवरच्या डिझेल इंजिनात रॉकेल: किती, कसं आणि कुठे थांबायचं

रॉकेल डिझेल इंजिनात जळतं. त्रास होतो तो फ्युएल पंपाला. पंपाचं एलिमेंट, म्हणजे प्लंजर आणि बॅरल, तसंच इंधन फवारणाऱ्या नोझलची सुई यांना वेगळं ऑइल मिळत नाही. आतून जाणारं डिझेलच त्यांचं वंगण. रॉकेल त्याहून बरंच पातळ, त्यामुळे एलिमेंट घासतं.

म्हणून आधी इंजिन बघा. हँडल मारून सुरू होणारं, एका सिलिंडरचं जुनं इंजिन असेल तर अडीनडीला मिश्रण चालतं. ट्रॅक्टरला रोटरी पंप असेल (सगळ्या नोझलचे पाइप एकाच गोल डोक्यातून निघतात) तर नको, कारण तो पंप पूर्ण इंधनाच्याच वंगणावर फिरतो. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं इंधन मिळतं ती) तर लिटरभरही नको. हाय प्रेशर पंप झिजला की त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि टाकीपासून सगळी लाइन धुवावी लागते.

रेशनचं निळं रॉकेल इंजिनात वापरणं गुन्हा आहे. १९९३चा केरोसिन आदेश आणि जीवनावश्यक वस्तू कायदा, दोन्ही लागू होतात. खुल्या बाजारातलं पांढरंच घ्या. त्याला पेट्रोलसारखा वास येत असेल तर परत करा.

प्रमाण: १० लिटर डिझेलला २ लिटर रॉकेल आणि ६० मिली टूटी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये घालतात ते). याहून जास्त रॉकेल घालणारे पुष्कळ भेटतात, त्यांचे पंपही मेकॅनिककडे वरचेवर भेटतात. मिश्रण टाकीत नाही, कॅनमध्ये करा. आधी रॉकेल आणि टूटी ऑइल, वरून डिझेल. जड डिझेल खाली उतरताना आपोआप मिसळतं. मग कॅन हलवा आणि स्वच्छ सुती फडक्यातून टाकीत गाळा. इंजिन बंद आणि गार हवं, जवळ बिडी नको.

टाकी पूर्ण रिकामी झाली होती, तर लाइनने हवा धरलेली असणार. फिल्टरचा ब्लीडिंग स्क्रू (हवा सोडायचा) ढिला करा, बुडबुडे थांबले की आवळा. मग पंपाचा. शेवटी नोझलकडचा पाइपाचा नट एक आटा सोडा, डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका उचलून हँडल फिरवा. इंधन आलं की नट घट्ट करा. पुन्हा फिरवल्यावर नोझल करकरलं तर हवा निघाली. पिचकारीसमोर हात धरू नका, ती कातडीत घुसते.

सुरू झाल्यावर पाच मिनिटं बिनलोड चालवा. रॉकेलचा सिटेन (पटकन पेटण्याचा गुण) कमी, ते उशिरा पेटतं आणि मग एकदम पेटतं, म्हणून ठोका थोडा कडक येतो. ठोका वाढतच गेला किंवा पांढरा धूर थांबेना, तर रॉकेल जास्त झालंय. टाकीत डिझेल वाढवा. लिटरमागे ऊर्जाही किंचित कमी असल्याने पाणी जरा कमी पडेल. ते भरून काढायला पंपाचा स्टॉप स्क्रू (जास्तीत जास्त इंधन किती जाईल ते ठरवणारा) उघडू नका, टायमिंगच्या शिमलाही (इंधन कधी फवारायचं ते ठरवणारी पातळ पट्टी) हात लावू नका. डिझेलवर परतल्यावर तेच सेटिंग काळा धूर ओकतं.

रोज सुरू करण्याआधी डिपस्टिक बघा. ऑइलची पातळी वाढलेली आणि रॉकेलचा वास, म्हणजे इंधन संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतंय. अशा पातळ ऑइलवर बेअरिंग जातं. ऑइल बदला आणि गळती सापडेपर्यंत इंजिन लावू नका.

थंडीत जमणारं डिझेल पातळ ठेवायला लडाखमध्ये रॉकेल मिसळत. उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं हिवाळी डिझेल तिथे २०१९मध्ये आलं. आपल्याकडे मैदानात त्या कारणाने मिसळायची गरज नाही.

एलिमेंट गेलं की नाही, हे गरम इंजिनवर कळतं. सकाळी गार असताना पटकन सुरू होतं, पण तासभर चालवून बंद केल्यावर लगेच लागत नाही आणि अर्ध्या तासाने लागतं, तर एलिमेंट घासलंय. गरम इंधन आणखी पातळ होऊन झिजलेल्या फटीतून मागे गळतं. तेव्हा एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून नोझलकडे जाणाऱ्या तोंडावरची झडप) एकदमच बदला, आणि नोझल मेकॅनिककडच्या टेस्टरवर लावून बघा.