जपानी ‘काकारु’: वेळ आणि पैसे लागतात तेव्हा

प्रवासाला किती वेळ लागतो, दुरुस्तीला किती पैसे लागतात, या दोन्हींसाठी जपानीत ‘काकारु’ चालतं. रूपं: काकारिमासु (नम्र), काकारानाइ (नकारार्थी), काकात्ते (पुढच्या क्रियापदाला जोडायचं), काकात्ता (भूतकाळ).

‘क्योतो मादे दोनो गुराइ काकारिमासु का?’ म्हणजे क्योतोपर्यंत साधारण किती वेळ लागतो? पैसे विचारायचे तर ‘दोनो गुराइ’च्या जागी ‘इकुरा’.

नुसता ‘वेळ’ किंवा ‘पैसे’ म्हणताना ‘गा’ हा कर्त्याचा प्रत्यय लागतो: जिकान गा काकारु, ओकाने गा काकारु. आकडा आला की ‘गा’ नाही, कर्माचा प्रत्यय ‘ओ’ तर मुळीच नाही: ‘नि-जिकान काकारिमासु’, दोन तास लागतात. इथे ‘जिकान’मधला ‘कान’ गाळू नका. ‘नि-जि’ म्हणजे दोन वाजता, आणि ही चूक फार होते. ‘तब्बल तीन तास लागले’ला आकड्यानंतर ‘मो’ जोडा: सान-जिकान मो काकात्ता. हा ‘मो’ आवर्जून वापरा, वैताग बरोबर पोचतो.

मराठी माणूस अडखळतो तो आपल्या ‘लागणे’मुळे. पासपोर्ट लागतो, तिथे ‘इरु’: पासुपोओतो गा इरिमासु. भूक लागली तर ‘ओनाका गा सुकिमाशिता’. मुद्दाम वेळ देऊन काम करायचं असेल तर जोडीचं सकर्मक क्रियापद ‘काकेरु’, आणि तिथे मात्र ‘ओ’: जिकान ओ काकेरु.