फुटबॉल शिकणाऱ्या मुलांना स्टेडियममध्ये सामना दाखवायला कसं न्यावं

मी ठाण्यात मुलांना फुटबॉल शिकवते. दहा ते चौदा वयाची मुलं-मुली, एकत्रच. वर्षातून दोन-तीनदा त्यांना मैदानावर सामना दाखवायला नेते. कधी अंधेरीचं मुंबई फुटबॉल एरिना, कधी नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. दर वेळी पालकांच्या ग्रुपवर तीच चर्चा सुरू होते. "तिथे लोक दंगा घालतात, शिव्या देतात, मुलांना कशाला न्यायचं?" त्यामागोमाग सल्ले येतात. शेवटची दहा मिनिटं सोडून लवकर निघा. सगळ्यांना एकसारखे लाल शर्ट घाला. प्रत्येकाकडे फोन द्या. या तिन्ही गोष्टी मी करून पाहिल्या आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत.

मुळात न्यायचं कशासाठी, हे आधी पक्कं हवं. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो. मैदानात बसलं की चेंडू पार दुसऱ्या टोकाला असताना बचावफळीतले चौघं एकदम कसे वर सरकतात ते दिसतं. गोलकीपर नव्वद मिनिटं ओरडतच असतो हे कळतं. विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा, पास मिळायच्या आधी मान वळवून किती वेळा मागे बघतो ते मोजता येतं. आणि हे सगळं एवढ्या कोलाहलात चाललेलं असतं. म्हणून "गर्दी नसलेला सामना बघू" हा पालकांचा तोडगा मला पटत नाही. जून २०१८मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि प्रेक्षक होते २,५६९. छेत्रीने व्हिडिओ टाकून लोकांना मैदानावर यायची विनंती केली. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याच्या शंभराव्या सामन्याला तेच स्टेडियम भर पावसात खच्चून भरलं. आपली मुलं शाळेच्या स्पर्धेत चार पालक ओरडले तरी गांगरतात. भरलेलं स्टेडियम त्यांनी बघायलाच हवं.

आठ वर्षांखालच्यांना मात्र नेऊ नका. एवढा आवाज त्यांना सोसत नाही आणि मध्यंतरानंतर त्यांचं लक्षही राहत नाही. मोठ्या मुलांपैकी कुणाला आवाजाचा त्रास होत असेल तर फोमचे इअरप्लग घ्या. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही.

तिकीट आणि जागा

सगळी तिकिटं एकाच वेळी, सलग जागांची काढा. ढोल-ताशेवाला समर्थकांचा गट कुठल्या स्टँडमध्ये बसतो ते आधी विचारून घ्या आणि त्याच्या शेजारचा, मैदानाच्या लांबीच्या बाजूचा स्टँड घ्या. गोलमागे बसून नवख्या मुलांना खेळाची रचना कळत नाही. अगदी खालच्या रांगाही नकोत, तिथून सगळं सपाट दिसतं. मधली उंची उत्तम.

चार मुलांमागे एक मोठं माणूस. यात तडजोड करू नका. एखादे काका आयत्या वेळी गळाले तर चार मुलं कमी करायची. मी केली आहेत, रडारडही झाली आहे.

कपड्यांचं म्हणाल तर दोन्ही संघांचे रंग टाळा. केरळचा संघ येतो तेव्हा अर्धा स्टँड पिवळाजर्द असतो. त्यात पिवळा शर्ट घातलेलं मूल शोधायचं कसं? आम्ही सरावाचे पोपटी बिब, म्हणजे शर्टावरून घालायची बिनबाह्यांची जाकिटं, घालतो. प्रत्येकाच्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, बॉलपेनने माझा नंबर लिहिते आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावते. नुसतं स्केचपेन घामाने तासाभरात पुसतं. मुलांकडे फोन नकोत. भरलेल्या स्टेडियममध्ये नेटवर्क बसतं, म्हणजे ज्या क्षणी फोन लागायला हवा त्या क्षणी तो लागत नाही. शिवाय जिन्यावर मूल खाली स्क्रीनकडे बघत चालतं.

जाणं

ठाण्याहून नेरूळला पनवेलकडे जाणारी थेट लोकल. अंधेरीसाठी घाटकोपरला उतरून मेट्रोने आझादनगर, तिथून स्टेडियम पायी. सुरू व्हायच्या दीड तास आधी पोहोचा. पिशवी, पाण्याची बाटली, पॉवर बँक, सुटी नाणी हे गेटवर बहुधा काढून ठेवायला लावतात आणि परत मिळत नाही. खाऊन जा, खिसे रिकामे ठेवा.

नव्वद मिनिटं

शिव्या ऐकू येणारच. आधी मीही मुलांचे कान झाकायला बघायची. त्याने मुलं फक्त आणखी लक्ष देऊन ऐकतात. आता निघायच्या आदल्या सरावालाच सांगते: ओरडायचं, घसा बसेपर्यंत ओरडायचं, पण आपल्या खेळाडूचं नाव घेऊन. पंचाबद्दल एक अक्षर नाही. कारण रविवारी त्यांच्याच सामन्यात शिट्टी वाजवायला कुणाचे तरी बाबा उभे असतात.

प्रत्येकाला एक खेळाडू नेमून द्या, जो तो आपापल्या जागेवरचा. पंधरा मिनिटं चेंडूकडे बघायचं नाही, फक्त त्याच्याकडे. हे काम दिलं की पुढच्या रांगेत कोण काय बडबडतंय याकडे मुलांचं लक्ष राहत नाही. मध्यंतरात टॉयलेटला गटानेच जायचं, सोबत एक मोठं माणूस.

कुणी अंगावर येऊन भांडायला लागलं, वस्तू फेकायला लागलं, तर उत्तर देऊ नका. मुलांना उठवून दोन ब्लॉक पलीकडे जा आणि गणवेशातल्या माणसाला सांगा. इतक्या वर्षांत असं मला एकदाच करावं लागलं.

बाहेर पडणं

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीची काही वर्षं मी सगळी काळजी चुकीच्या जागी करत होते. स्टँडमध्ये कोण कसं वागतंय यावर डोळे लावून बसायचे आणि शिट्टी वाजली की सुटलो बुवा असं वाटायचं.

एका सामन्याला चौदा मुलं आणि आम्ही चार मोठी होतो. घरचा संघ जिंकला. परतीची लोकल माझ्या डोक्यात होती, म्हणून मी सगळ्यांना लगेच उठवलं. जिन्याच्या मध्यावर आलो आणि मागून ढोलवाला गट गाणी म्हणत उतरायला लागला. भांडण नव्हतं, कुणी मुद्दाम ढकलतही नव्हतं. जिथे तीन माणसं मावतात त्या पायरीवर पाच झाली, एवढंच. माझ्यापुढे दोन पायऱ्यांवर आमचा अकरा वर्षांचा लेफ्ट बॅक, डाव्या बाजूचा बचावपटू, होता. त्याच्या टाचेवर कुणाचा तरी पाय पडला, बूट निघाला आणि तो उचलायला तो वाकला. आत्ता त्याचं डोकं दिसत होतं आणि पुढच्या क्षणी तिथे एका माणसाची पाठ होती. मी त्याचं नाव घेऊन किंचाळले ते माझं मलाच ऐकू आलं नाही. तोंडाला निळा रंग फासलेल्या एका मुलाने दोन्ही हातांनी कठडा धरला, पाठ मागे रेटून वरचा लोंढा थोपवला आणि त्याच्या मित्राने आमच्या पोराला बखोटीला धरून उभं केलं. हाच निळा मुलगा सामनाभर पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. ठाण्याला उतरलो तेव्हा आमचा लेफ्ट बॅक एका पायात नुसता मोजा घालून चालत होता. मोजा काढला तेव्हा तीन बोटांची सालं निघालेली दिसली. त्याच्या आईला फोन करताना माझा हात थरथरत होता.

त्यानंतर मी याबद्दल मिळेल ते वाचलं. २ जानेवारी १९७१ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियममध्ये सामना संपल्यावर जिन्यावर ६६ माणसं चेंगरून मेली. खूप वर्षं लोक समजत होते की शेवटच्या क्षणी गोल झाल्याचा आवाज ऐकून खाली गेलेले परत वर फिरले. चौकशीत निघालं ते वेगळंच. सगळे एकाच दिशेने, घरी जायला उतरत होते. एवढं लांब तरी कशाला जायचं? २९ सप्टेंबर २०१७ला आपल्याच प्रभादेवी स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर, तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, २३ जीव गेले. ती माणसं कुठल्या संघाची समर्थक नव्हती, कामावर निघाली होती. दंगेखोर प्रेक्षकांना घाबरणारे पालक जिन्याला घाबरत नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

तर शिट्टी वाजली की बसून राहा. पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून. उभंसुद्धा राहायचं नाही, कारण एक उभा राहिला की बाकीचे चालायला लागतात. या वेळात खेळाडू स्टँडपाशी येऊन टाळ्या वाजवतात, हरलेले मान खाली घालून एकेकटे आत जातात, ते मुलांना बघू द्या. नेमून दिलेल्या खेळाडूबद्दल प्रत्येकाला बोलतं करा. सुरक्षारक्षक उठवायला येतील. "लहान मुलं आहेत दादा, जिना मोकळा झाला की निघतो," एवढं सांगितलं की मला तरी कुणी कधी हटकलेलं नाही.

लवकर निघायचा सल्ला देणाऱ्यांसाठी एकच उदाहरण. ३० ऑक्टोबर २०२२ला नेरूळलाच सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं आणि तो एकमेव गोल ८२व्या मिनिटाला झाला. शेवटच्या दहा मिनिटांत दमलेले पाय कसे चुकतात आणि पुढे असलेला संघ वेळ कसा काढतो, हे खेळणाऱ्या मुलांनी बघायचं नाही तर कुणी बघायचं? आणि लवकर निघणारे तुम्ही एकटे नसता. चिडलेले, घाईतले, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरणारे सगळे त्याच वेळी निघतात.

उठण्याआधी बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारून घ्या, प्रत्येकाची स्वतः बघा. जिन्यावरून एका रांगेत, कठड्याच्या बाजूने उतरायचं. एक मोठं माणूस सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे, बाकीचे मध्ये. हात धरून साखळी करू नका. गर्दी मध्ये घुसली की साखळी तुटत तरी नाही किंवा तुटताना शेवटच्याला पाडते. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, सुटला तर सुटला. खाली काहीही पडलं, बूट, टोपी, आजोबांनी दिलेलं घड्याळ, तरी वाकायचं नाही. हे मी मुलांकडून सोसायटीच्या जिन्यावर तीनदा करून घेते. मुद्दाम त्यांच्या टोप्या पाडते. पहिल्या वेळी सगळे वाकतात.

एवढं करूनही गर्दीत सापडलोच तर दोन्ही हात छातीपुढे दुमडून घ्यायचे, म्हणजे श्वासाला जागा राहते. लोंढ्याच्या उलट जायचं नाही. त्याच्याबरोबर चालत तिरकं-तिरकं कडेला सरकायचं, पण भिंतीशी दाबलं जाईल असं उभं राहायचं नाही.

कुणी चुकलंच तर? आत असेल तर आपल्या सीटवर परत जायचं आणि बसून राहायचं, आम्ही येतो. बाहेर असेल तर आत येतानाच दाखवून ठेवलेल्या जागी. ही जागा गेट नसावी. गेटवरच सगळ्यांत जास्त गर्दी असते. रस्त्याच्या या बाजूची, गेटपासून लांब, दिवा असलेली एखादी जागा बघा. रस्ता ओलांडावा लागता कामा नये. त्या खांबाला प्रत्येक मुलाने हात लावायचा, हा आमचा नियम. नुसतं बोट दाखवलेलं अंधारात आठवत नाही.

परत येणं

पहिल्या गाडीत चढू नका, दुसरीतही नको वाटली तर तिसरी. घाटकोपरला मेट्रोतून उतरल्यावर पुलावर पुन्हा तोच जिन्याचा नियम. चढताना मोजा, उतरताना मोजा, मोठ्याने, आकडा मुलांनीच म्हणायचा.

ठाणे स्टेशनवर पालकांनी फलाटावर यायचं, बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवायचा नाही, हे मी आधीच लिहून पाठवते. साडेदहा-अकरा वाजलेले असतात. मूल पालकाच्या हातात दिलं की यादीत नावापुढे खूण करायची आणि शेवटची खूण होईपर्यंत आम्ही चौघंही फलाटावरून हलत नाही.