दिवाळीच्या सुट्टीत घरचं वायफाय मार्गी कसं लावावं

दिवाळीला हॉस्टेलवरून घरी आलो, बॅग ओटीवर टेकते न टेकते तोच आई म्हणाली, "बरं झालं आलास, नेट चालत नाहीये." कॉम्प्युटर शिकायला पुण्याला गेलेल्या बहुतेक मुलामुलींच्या वाट्याला हे येतं, आणि यायलाही हवं. घरच्यांनी आपल्या फीची तजवीज केलेली असते, आपण त्यांना चार दिवस द्यायला हरकत नाही.

आमचं घर चिपळूणजवळच्या एका गावात. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, आणि माजघरावर माळा. तिथे मी जे केलं ते त्याच क्रमाने लिहितो आहे. क्रमाला महत्त्व आहे, कारण आमच्याकडे माझ्या आधी तो उलटा झाला होता: आधी खरेदी, मग तपास. वर्षभरात मोठा प्लॅन घेऊन झाला, दोन रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे डबे) आणून झाले, तरी आजीचं कीर्तन अडकतच होतं.

एक सूचना आधीच देतो. वसुबारस-धनत्रयोदशीच्या आत काय ती मोडतोड उरका. लक्ष्मीपूजनाला आणि भाऊबीजेला परगावच्या नातेवाइकांचे व्हिडिओ कॉल येतात. त्या दिवशी राउटर उघडून बसलात तर घरात कुणी तुम्हाला माफ करणार नाही.

आधी विचारा

"नेट चालत नाही" या एका वाक्यात प्रत्येकाची वेगळी तक्रार असते. एकेकाला गाठून तीनच गोष्टी विचारा: कुठे बसल्यावर, किती वाजता आणि नेमकं काय होतं. आजी म्हणाली, "कीर्तन मध्येच थांबतं आणि ते गोल गोल फिरत राहतं." ओटीवर, कधीही. आईचा कॉल ओट्यापाशी गेलं की तुटायचा. बहीण बारावीला, ती माळ्यावर अभ्यास करते; तिच्या फोनवर रेंज फुल दिसायची, पण क्लास उघडायचा नाही. बाबांची काहीच तक्रार नव्हती, कारण त्यांचं टेबल राउटरला लागून.

एवढ्यावरूनच निम्मं निदान होतं. सगळ्यांना एकाच वेळी, समजा रात्री आठ ते अकरा, त्रास होत असेल तर बाहेरची लाइन तपासायची. बसायची जागा बदलली की त्रास बदलत असेल तर दोष घराच्या आत आहे. आमचा आतला होता.

मग मोजा

वहीच्या पानावर घराचा कच्चा नकाशा काढा. लॅपटॉप लॅन केबलने थेट फायबरच्या डब्याला जोडा. ज्यात काचेची बारीक तार येते तो डबा म्हणजे ओएनटी. बहुतेक घरांत राउटरही त्याच्यातच असतो. लॅपटॉपचं वायफाय बंद करून स्पीड टेस्ट लावा. प्लॅन ५० एमबीपीएसचा असेल आणि तारेवर ४५ ते ५० मिळत असतील तर लाइन चांगली आहे, कंपनीशी भांडायचं कारण नाही. इथे एक गैरसमज हमखास होतो. फाइल उतरवताना 'सेकंदाला ६ एमबी' दिसलं की लोकांना फसवलं गेल्यासारखं वाटतं. पण प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा आणि फाइलचा मेगाबाइटचा असतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ५० भागिले ८, म्हणजे सव्वासहा. हिशेब बरोबर आहे.

यापुढची चाचणी मला सगळ्यात उपयोगी पडली. केबल काढा, वायफाय लावा, आणि जिथे त्रास होतो तिथेच जाऊन बसा. कमांड प्रॉम्प्टच्या (लॅपटॉपला टाइप करून हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीच्या) दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे त्याला पुन्हा पुन्हा हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघा; तो पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. दुसरीत ८.८.८.८ ला, हा बाहेरचा, गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. विंडोजवर शेवटी '-टी' हा पर्याय इंग्रजी अक्षरात जोडला की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. पाच मिनिटं दोन्हीकडे नुसतं बघत राहा. राउटरचं उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत येतंय आणि ८.८.८.८ चं मध्येच गायब होतंय, तर दोष लाइनचा. राउटरचंच उत्तर दोनशे-चारशेवर उडतंय किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतंय, तर तुमचे शब्द घरातच हरवताहेत. बाहेर पोचायचा प्रश्नच नंतरचा. ओटीवर बसून मी हे लावलं तेव्हा राउटर दहातून तीनदा गप्प बसत होता. मध्ये होती एक जांभ्याची भिंत, जवळजवळ दीड फूट जाड.

दिवे आणि फायबर

डब्यावरचा 'पॉन' (फायबरची जोडणी दाखवणारा) दिवा स्थिर आणि 'लॉस'चा दिवा विझलेला, ही तब्येत चांगली असल्याची खूण. 'लॉस' लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाहीये. घरात काही करून उपयोग नाही, केबलवाल्याला फोन करा. आमच्याकडे वानरं बाहेरच्या वायरला लोंबकळतात, त्यामुळे हा फोन पावसाळ्यानंतर एकदा तरी होतोच. फायबर सुटी असेल तर तिच्या टोकात डोळा घालून बघू नका. त्यातला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

डब्याच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की उघडतं ते) 'आरएक्स पॉवर', म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, असा आकडा मिळतो. तो डीबीएम या मापात असतो, आणि शून्याच्या जितका खाली तितकी ताकद कमी. साधारण −८ ते −२७ डीबीएम ही चालणारी हद्द. −२५ च्या पुढे सरकला की काठावर आहात असं समजा. आमचा −२६ होता. टीव्हीमागे हात घातला तर बसवणाऱ्याने उरलेली फायबर खिळ्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवलेली. काचेची तार जोरात वाकली की वळणावर प्रकाश बाहेर झिरपतो. ती अलगद सोडवली, जेवणाच्या ताटाएवढं मोठं वेटोळं करून चिकटपट्टीने भिंतीला लावली. आकडा −२१ वर आला.

राउटरची जागा

आमचा राउटर टीव्हीखालच्या कपाटात होता, मागे लोखंडी कपाट, बाजूला इन्व्हर्टर. दिसायला नीटनेटकं, पण लहरींसाठी कोंडवाडा. लोखंड, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी यांच्या आड राउटर ठेवू नका. घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. अँटेना उभ्या ठेवल्या की सिग्नल आडवा पसरतो. वर माळा किंवा मजला असेल तर एक अँटेना आडवी करून बघा.

फोनवर वायफायची ताकद डीबीएममध्ये दाखवणारी फुकट ॲप मिळतात. एक टाकून घरभर फिरा आणि नकाशावर आकडे लिहा. −५० म्हणजे उत्तम, −६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो, −७५ च्या पलीकडे रडकथा सुरू. राउटर कपाटातून काढून माजघराच्या फळीवर ठेवल्यावर आमचं स्वयंपाकघर −७८ वरून −६४ वर आलं. खर्च शून्य.

वायफायचे बहुधा दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं पण जाड भिंतीपुढे लवकर दमतं, २.४ सावकाश, पण लांब जातं. शहरातल्या फ्लॅटमध्ये २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी असते, तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ यांतला मोकळा निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. आमच्या वाडीत घरं लांब लांब, तो प्रश्नच नव्हता.

माळ्यावर केबल

रिपीटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दगडी घरात तो शेवटचा उपाय. बहिणीला रेंज फुल दिसायची ती रिपीटरची. रिपीटरला स्वतःला राउटर धड ऐकू येत नव्हता, मग तो पुढे काय सांगणार? शिवाय साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा एकदा केबल ओढा आणि कपाटात पडलेला जुना राउटर वर बसवा.

लॅन केबल कॅट-६ प्रकारची घ्या, आणि दुकानात 'पूर्ण तांब्याची' असं स्पष्ट विचारा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. सलग १०० मीटरपर्यंत ही केबल चालते. आम्हाला २२ मीटर लागली. भिंतीला भोक पाडावं लागलं नाही, भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामधल्या फटीतून ती गेली. उंदरांसाठी पीव्हीसी पाइपमध्ये घातली आणि लाइटच्या वायरिंगपासून वीतभर लांब ठेवली. दोन्ही एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनात ओलांडू दिल्या.

टोकांना आरजे-४५ चे (लॅन केबलचे) प्लग स्वतः लावता येतात, क्रिम्पिंगचा चिमटा मात्र हवा. प्लगची क्लिप खाली आणि तोंड पलीकडे धरून डावीकडून रंग असे: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. तारा सरळ करून एका रेषेत कापा, प्लगच्या टोकापर्यंत आठही पोचल्यात हे उजेडात धरून बघा, मगच चिमटा दाबा. माझ्या पहिल्या प्लगमध्ये तपकिरी तार अर्धा मिलिमीटर मागे राहिली. नेट चालू झालं, पण लॅपटॉपवर जोडणीचा वेग १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसला. १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. मी तो प्लग कापून दुसरा लावला. अर्थात, जुन्या राउटरची पोर्टच १०० ची असतील तर तिथे १०० दिसणारच.

जुना राउटर बसवताना हा क्रम मोडू नका. तो रीसेट करा आणि लॅपटॉपला जोडा, पण घरच्या नेटला अजून नाही. त्याच्या पानावर लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. मुख्य राउटरचा पत्ता वेगळा असेल तर त्याच मालिकेतला मोकळा घ्या. नव्या पत्त्याने पुन्हा आत शिरा. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार खालच्या राउटरसारखाच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा. सगळ्यात शेवटी डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायची सोय) बंद करा. मग माळ्यावरची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, बाहेरच्या लाइनसाठी असलेल्या वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये लावू नका.

डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोन कारभारी होतात. काही फोनना माळ्यावरचा राउटर पत्ता देतो आणि त्यांचं नेट बंद पडतं, बाकीच्यांचं चालू राहतं, आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

सुरक्षा आणि वीज

यात फार वेळ जात नाही, पण टाळू नका. राउटरच्या पानाचा मूळ पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) आणि बाहेरून व्यवस्थापन करायची सोय बंद करा, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवा. वायफायच्या पासवर्डला घरच्यांना आठवतील असे चार असंबद्ध शब्द जोडा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं.

आमच्याकडे वादळवारा आला की वीज जाते. घराला इन्व्हर्टर असूनही नेट जायचं, कारण राउटरचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हताच. वायरमनला बोलावून तो फिरवून घेतला. बोर्डात स्वतः हात घालू नका. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवा, बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असतात. घरगुती फायबरमध्ये वाटेतल्या स्प्लिटरला (एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही. त्यामुळे आपला डबा चालू आणि केबलवाल्याकडे बॅकअप असला की गाव अंधारात असतानाही नेट चालतं. मात्र परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की ॲडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवा.

निघण्याआधी

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी एक कागद तयार करा. त्यावर ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन, कुठला दिवा कशाचा आणि पुन्हा चालू करायचा क्रम लिहा: दोन्ही डबे बंद, तीस सेकंद थांबा, आधी खालचा चालू, दोन मिनिटांनी माळ्यावरचा. प्रत्येक ॲडॅप्टरवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. आणि हे ठळक अक्षरात: फोनवरून कुणी अनोळखी माणूस "नेट दुरुस्त करतो, हे ॲप टाका" म्हणाला तर फोन ठेवून द्यायचा.

कागद नुसता चिकटवून जाऊ नका. मी आईला सगळं एकदा स्वतःच्या हाताने करायला लावलं आणि बाजूला उभा राहिलो. 'लॉस' कुठे लिहिलंय ते तिला चष्मा लावूनही दिसेना, एवढं बारीक. मग तिने कुंकवाच्या करंड्यातून बोट टेकवून त्या दिव्याशेजारी ठिपका लावला. आता हॉस्टेलवर फोन आला की मी पहिलं विचारतो, "कुंकवाशेजारचा दिवा पेटलाय का?"