वर्गणी नको, बिल पाठवा

ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना फुकट वापरता येणाऱ्या खुल्या कोडच्या कामात, पाय रोवू पाहणारी नाशिकची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्पॉन्सरचं बटण लावलं की पैसे येतात का? लावा, काही बिघडत नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरची देणगीची सोय, गिटहब स्पॉन्सर्स, २०१९ पासून आहे. पण त्यातून बहुतेकांचं इंटरनेटचं बिलही निघत नाही. गणपतीची वर्गणी लोक देतात ती दारात ओळखीची पोरं उभी असतात म्हणून. तुमच्या लायब्ररीच्या, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या, दारात कोणीच उभं नसतं.

हार्टब्लीड या सुरक्षेतल्या भगदाडाची भानगड २०१४ मध्ये उघडकीला आली. बँकांपासून सरकारी संकेतस्थळांपर्यंत सगळे ज्या ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीवर विसंबून होते, तिला वर्षाला जेमतेम दोनेक हजार डॉलर देणगी मिळत होती, हे तेव्हा जगाला कळलं. पायथन भाषेत आकडेमोड करणाऱ्या नमपाय लायब्ररीला पहिलं भरीव अनुदान मिळायला २०१७ उजाडलं, तोवर तिच्यावर अख्खं डेटा सायन्स उभं राहिलं होतं. तेव्हा आपली लायब्ररी चांगली आहे म्हणून कोणी आपणहून पैसे देईल, या भ्रमात राहू नका.

मी आणि आणखी दोघं मिळून पीडीएफमधले तक्ते वाचणारी एक जुनी पायथन लायब्ररी सांभाळतो. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती सप्लायरची चलानं वाचते. तिथल्या आयटीवाल्याला आमचं कौतुक होतं, पण देणगीचं नाव काढलं की 'साहेबांना विचारतो' यापुढे गाडी सरकेना. साहजिक आहे. परचेसकडे देणगीचं खातंच नसतं. पण कंप्रेसरची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, असते, यूपीएसची असते, एसीचीही असते. मग आम्ही एका पानाचं कोटेशन दिलं: वार्षिक देखभाल, सुरक्षेच्या दुरुस्त्या, नव्या पायथनवर चाचणी, चार कामकाजी दिवसांत उत्तर. त्यांनी पॅन आणि रद्द केलेला चेक मागितला, व्हेंडर कोड दिला आणि पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, आली. टीडीएस कापून पैसे जमा झाले. कोड आधीही फुकट होता, आताही फुकटच आहे. विकली ती जबाबदारी.

कोटेशनमध्ये 'पुढील विकास' असलं मोघम काही लिहू नका. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते, बरोबर दिवाळीच्या तोंडावर, आणि दरवेळी काहीतरी मोडतंच. हे काम तारखेसकट लिहा. नवं फीचर मागणारा पैसे द्यायला पटकन तयार होतो, म्हणून फीचरचा दर सांगतानाच ते पुढे सांभाळण्याचा खर्च त्यात धरा. नाहीतर आज घेतलेल्या पैशांचं काम पुढची कित्येक वर्षं फुकट करत बसाल.

अनुदानांकडेही लक्ष असू द्या. झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी फ्लॉस/फंड सुरू केला. वर्षाला दहा लाख डॉलर, एकेका प्रकल्पाला दहा हजार ते एक लाख डॉलर. अर्जासाठी फंडिंग डॉट जेसन नावाची फाइल आपल्या रेपोत (कोड ठेवतो त्या जागी) किंवा साइटवर ठेवावी लागते. त्यात पैसे कशासाठी हवेत ते मांडायचं असतं, आणि तिथेच बहुतेकांची लेखणी अडते. पण देखभालीची यादी तयार असेल तर निम्मा अर्ज झालाच.

परदेशी कंपनीकडून पैसे येणार असतील तर सेवेचं रीतसर बिल करा. बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले ते सांगणारा क्रमांक, विचारते. सॉफ्टवेअर सल्लासेवेसाठी पी०८०२ चालतो. ट्रस्ट काढून परदेशी देणग्या घ्यायच्या म्हटलं तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी आणि दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं, एवढा खटाटोप आहे. तीन माणसांच्या लायब्ररीने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. जीएसटीचं मात्र सीएला विचारा, मित्राला नाही.

पैसे यायच्या आधीच वाटणी कागदावर ठरवा. आमच्याकडे तासांप्रमाणे आहे. इश्यू, म्हणजे वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या तक्रारी, उत्तरं देऊन बंद करण्याचे तासही त्यात धरले जातात, कारण ते कंटाळवाणं काम एरवी कोणी हातात घेत नाही.

गिऱ्हाईक शोधायला लांब जाऊ नका. इश्यू ट्रॅकर उघडा आणि 'आमच्या प्रॉडक्शनमध्ये अडलंय' असं कोण कोण लिहितंय ते पाहा. त्यांची अडचण आधी सोडवा, मग कोटेशन पाठवा. आणि ते जानेवारीत पाठवा. मार्च उलटला की बजेट ठरलेलं असतं.